घरात माणसं किती?

लोकांच्या घरी सासू-सुनेचं वाजतं आणि मधल्यामध्ये नवरा भरडला जातो. या घरात उलटं झालं. नवरा गेला आणि सासू-सून मागे राहिल्या.

गेला म्हणजे वर नव्हे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या ऑफिसातल्या एका बाईकडे. जाताना त्याने कपडे नेले, बूट नेले, गाणी ऐकायचे दोन स्पीकर नेले आणि ओट्यावरचं कॉफीचं मशीनही उचललं. मशीन त्याने स्वतः हौसेने घेतलेलं, त्यामुळे त्यावर बोलायला जागा नव्हती. घरातली काडी इकडची तिकडे न करणारा हा माणूस रोज सकाळी तिघांची कॉफी मात्र स्वतः करायचा, आणि तेवढ्या भांडवलावर इतकी वर्षं गुणी नवरा म्हणून मिरवत होता. आईलाही त्याने बरोबर चल म्हटलं. "मी काय स्पीकर आहे?" एवढंच बोलून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या मुलाला 'चिरंजीव' म्हणायला लागल्या, आणि सुनेला नावाने हाक मारायचं सोडून 'सूनबाई'. तिकडे वकिलाच्या कागदांत नातं सुटत चाललं होतं आणि इकडे यांच्या तोंडी ते नव्याने बसत होतं.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर एक अंधारी खोली, समोरच्या खुर्चीत नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवून बसलेलं कोणीतरी, आणि ही काचा बदलत विचारतेय, "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" या प्रश्नाला माणसं फार घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचा चष्मा गळ्यात पडेल असं त्यांना वाटतं. "पहिलं. नाही नाही, दुसरं. पुन्हा एकदा दाखवता?" ती पुन्हा दाखवायची. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींत डावं-उजवं करायची तिची ताकद संपलेली असायची.

आणि नेमकं तशातच सासूबाईंनी मशीनचं काढलं.

"ही कॉफी नाही," एका संध्याकाळी त्या बरणीतल्या पावडरीची कॉफी पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "कॉफीच्या अंगावरून वाहिलेलं पाणी आहे. किती दिवस प्यायचं हे? चिरंजीव गेले म्हणून आपल्या जिभा पण गेल्या का?"

"घ्या ना मग मशीन. तुम्हीच बघा."

"मी बघते. पण निवडायचं दोघींनी."

सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज खणखणीत, आणि कुठलीही गोष्ट मुळापर्यंत लावून धरायची सवय तशीच. त्यांनी मोबाइलवर मशीनं बघायचा सपाटा लावला. रोज संध्याकाळी सूनबाई पायातले बूट काढते न काढते तोच फोन तिच्या नाकासमोर.

"हे बघ. यात दाणे टाकायचे, बाकी सगळं ते करतं. आणि या दुसऱ्यात तयार कॅप्सूल येते, ती आत टाकायची. कुठलं बरं?"

"दोन्ही बरी आहेत, आई."

"दोन्ही कशी बरी असतील? यात दूध फेसाळायची नळी आहे, त्यात नाही."

"मग नळीवालं."

"पण नळी साफ कोण करणार?"

सूनबाई डोळे मिटून सोफ्यावर मागे टेकायची. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली होती. कॉफी नको, पण हे विचारणं थांबवा.

मग एक दिवस दुकानातली शेवटची दोन गिऱ्हाइकं आलीच नाहीत आणि ती लवकर घरी आली. किल्लीने दार उघडलं तर सासूबाईंचा आवाज आतल्या खोलीतून येत होता. त्या हळू बोलत होत्या, पण ऑपरेटरचा हळू आवाज तो, दोन भिंती सहज ओलांडायचा.

"बघते रे. महिनाअखेर कळवते म्हटलं ना. तिच्याशी अजून काही बोलले नाही मी."

सूनबाई आल्या पावली बाहेर गेली, दार हळूच ओढून घेतलं, जिन्यात थोडा वेळ उभी राहिली आणि मग बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं. "किल्ली विसरलीस?" "हो." त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिने काहीच विचारलं नाही. विचारून उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की त्यावर काहीतरी करावं लागतं. तिच्या अंगात तेवढा दम नव्हता. मशीनचा अर्थ मात्र तिने लावून टाकला. सासूबाई चिरंजीवांकडे जाणार. जाण्याआधी सुनेच्या हातात काहीतरी चांगलं ठेवून जाणार, म्हणजे मागे त्यांच्या जिवाला रुखरुख नको.

शनिवारी दोघी मोठ्या दुकानात गेल्या. फ्रिज, टीव्ही, पंखे मागे टाकत सरकत्या जिन्याने वर गेलं की स्वयंपाकघराच्या वस्तूंचा मजला. तिथे एका लांब टेबलावर मशीनं ओळीने मांडलेली. त्यांच्यामागे एप्रन बांधलेला, पोट सुटलेला एक विक्रेता उभा होता. सकाळपासून उभा असावा, कारण तो सारखा या पायावरचा भार त्या पायावर घेत होता.

"या मॅडम, या आजी. घरासाठी ना?"

"आजी तुमच्या घरी," सासूबाई म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक."

"माफ करा. घरासाठी म्हणजे मला आधी एकच सांगा, म्हणजे उगाच दहा मशीनं दाखवत बसायला नको. घरात माणसं किती?"

"दोन," सासूबाई म्हणाल्या.

"एक," सूनबाई म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या. विक्रेत्याने एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकांच्या घरच्या भानगडी त्याने बऱ्याच पाहिल्या असाव्यात. सासूबाई सुनेकडे बघतच राहिल्या. पण परक्या माणसासमोर तोंड उघडतील तर त्या सासूबाई कसल्या. "तुम्ही दाखवा हो," त्या म्हणाल्या, "माणसांचं आम्ही बघून घेऊ."

त्याने दाखवायला सुरुवात केली. आपोआप चालणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये दाणे खडखडत दळले गेले आणि दोन नळ्यांतून कॉफी आली. "याला काही येत नसलं तरी चालतं," तो म्हणाला, "फक्त आतली साफसफाई नेमाने करायची." मग हँडलवालं दाखवलं: हँडलच्या टोकाला छोटी चाळणी, तीत पावडर भरायची, दाबायची, हँडल मशीनला अडकवून पिळायचं. "चव या मशीनची सगळ्यात चांगली, पण हात बसावा लागतो. आणि एकट्या माणसाला म्हणाल तर हे कॅप्सूलवालं. एक कप, एक बटण. मागे आवरायचं काही नाही." हे वाक्य त्याने सूनबाईकडे बघून म्हटलं.

"हेच बरं," सूनबाई म्हणाली. "मला कशाला हवा नाकापेक्षा जड मोती?"

"करून दाखवतो. कॅप्सूल संपल्यात, आतून घेऊन येतो. तुम्ही बसा तोवर."

टेबलाशेजारी दुकानाने एक नमुन्याचं स्वयंपाकघर मांडलं होतं. खोटी खिडकी, पाणी न येणारा नळ, जेवणाचं टेबल आणि त्यावर एका वाडग्यात प्लॅस्टिकची लिंबं. दोघी तिथल्या खुर्च्यांवर बसल्या.

"एक कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"जाऊ द्या ना, आई."

"जाऊ द्या नाही. एक कोण?"

"मी."

"आणि मी मेले वाटतं?"

"तुम्ही महिनाअखेर कळवणार आहात ना."

सासूबाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. उभी हयात लोकांची बोलणी कानांवर पडूनही न ऐकल्यासारखं करण्यात गेली. आपलं बोलणंही कोणाच्या कानावर पडू शकतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"किती ऐकलंस?"

"तेवढंच."

"म्हणजे पुढचं नाही ऐकलंस." त्या थांबल्या. मग लिंबांकडे बघत म्हणाल्या, "तिला दिवस गेलेत. सातवा लागलाय. तिच्या घरी करणारं कोणी नाही. म्हणून तो माझ्यामागे लागलाय."

सूनबाई म्हणाली, "अच्छा."

मूल नको असं तिचं आणि नवऱ्याचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्याने ठरवलं होतं, आणि तिने वर्षादोनवर्षांत हळूहळू मान्य केलं होतं. शेवटी शेवटी तर लोकांनी विचारलं की तीच त्याची कारणं पाठ म्हणून दाखवायची. हे सगळं आत्ता तिला आठवलं. संताप यायला हवा होता. पण संतापालाही अंगात थोडं बळ लागतं. तिने वाडग्यातलं एक लिंबू उचललं. ते आतून पोकळ होतं. तिने ते परत ठेवलं.

"मला सांगायचं होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "रोज ठरवायचे, आज सांगू. तू घरी यायचीस ती अशी पिळून काढल्यासारखी. माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. मग मी मशीनचंच बोलत बसायचे."

"म्हणजे हे मशीन मला निरोपाची भेट."

"भेट कसली डोंबलाची!" सासूबाईंचा आवाज पंख्यांच्या विभागापर्यंत गेला. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मला कॉफी हवी होती! चांगली कॉफी हवी असायला काय कारण लागतं? प्रत्येक गोष्टीत तो कशाला असायला हवा?"

सूनबाईला हसू आलं, आणि ते अर्ध्यावर आलं तोवर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला, तो तिला न देता स्वतःचेच डोळे पुसले आणि मग तो ओला रुमाल तिच्या हातात ठेवला.

"मला जावंसं वाटतं," त्या आता खरोखरच हळू बोलल्या. "त्याचा राग आहे, पण ते पोर माझं नातवंड असणार. आणि तुला सोडून जावंसं वाटत नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. मला तिथे करमणार नाही. आता तूच सांग मी काय करू."

"आई, मला काही विचारू नका. आज एक दिवस कोणी मला काहीसुद्धा विचारू नका."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

विक्रेता कॅप्सूलचा खोका घेऊन आला तेव्हा दोघी उठून टेबलापाशी उभ्या होत्या. सूनबाईने समोर जे मशीन होतं त्यावर हात ठेवला. "हे द्या."

"हे? हे हँडलवालं आहे, मॅडम. मघाशी तुम्ही..."

"हेच द्या. चला, आई."

अशी ती निवड झाली. दोन आठवडे सासूबाईंनी मोबाइलवर डोळे फोडले, गुण-दोष पाठ केले, आणि शेवटी ज्या मशीनसमोर रडून झाल्यावर उभ्या राहिल्या तेच उचलून आणलं.

घोडं अडलं ते घरी आल्यावर. पहिल्या दिवशी कॉफी भसकन आली, पाण्यासारखी, आणि चवीला अशी आंबट की सासूबाईंनी तोंड वाकडं करून ती बेसिनमध्ये ओतली. दुसऱ्या दिवशी पावडर जास्त घातली, तरी तेच. सासूबाईंची बोटं सांध्यांत सुजलेली, हँडल त्यांना पिळवत नसे. म्हणजे सकाळी कामावर जायच्या घाईत ते सूनबाईने पिळायचं. एकदा ते नीट बसलं नाही आणि गरम पाण्यासकट सगळा गाळ ओट्यावर आला. सूनबाई फडकं घेऊन मुकाट्याने पुसत बसली. सासूबाई माहितीपुस्तक घेऊन मागे उभ्या होत्या. त्या काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. दुकानातून आल्यापासून त्या मोजकंच बोलत होत्या, आणि खरंच एकही प्रश्न विचारत नव्हत्या. जेवायला वाढू का, हेसुद्धा नाही. वाढून मोकळ्या व्हायच्या. सूनबाईनेच सांगितलं होतं विचारू नका म्हणून, आणि आता तीच त्या शांततेला कंटाळली.

चौथ्या की पाचव्या दिवशी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, तिने त्या अंधाऱ्या खोलीतूनच त्याला फोन लावला. वकील मध्ये आल्यापासून दोघं थेट बोललेच नव्हते.

"हॅलो? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. कॉफी आंबट होतेय."

"कॉफी?"

"मशीन घेतलंय. हँडलवालं. पाणी भसकन येतं आणि आंबट लागते."

"पावडर कुठली आहे?"

"दुकानातली. पुडा मिळतो तो."

"ती जाड असते. पाणी थांबतच नाही तिच्यात. दाणे विकणाऱ्याकडे जायचं आणि सांगायचं, या मशीनसाठी बारीक दळून द्या. अगदी पिठासारखी नको, नाहीतर थेंबही बाहेर यायचा नाही." बोलता बोलता त्याचा आवाज सैल झाला. सकाळी ओट्याशी उभा राहून बोलायचा तसा. "आणि पावडर दाबताना तिरकी दाबू नकोस. टाकीतलं पाणी रोज बदल."

"बरं."

"ऐक. आईने तुला..."

"सांगितलंय."

"मी स्वतः सांगणार होतो."

"हं."

"तू काही बोलणार नाहीस?"

तिने थोडा विचार केला. त्याला सुनवायला तिच्याकडे गेले कित्येक महिने तयार वाक्यं होती, एकाहून एक धारदार. आता त्यातलं एकही तोंडापर्यंत येईना. "लगेच चल म्हणून आईंच्या मागे लागू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्या हातांना थंडीत फार त्रास होतो. बाळाला सारखं उचलायला लावू नका. बाहेर गिऱ्हाईक थांबलंय." आणि तिने फोन ठेवला. नंतर आत आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना तिने एकच काच तीन वेळा दाखवली. त्यांनी तिन्ही वेळा वेगळं उत्तर दिलं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

येताना ती दाणे विकणाऱ्याकडून बारीक दळलेली कॉफी घेऊन आली. कपडेही न बदलता तिने मशीन लावलं. या वेळी हँडलमधून आधी काहीच येईना. मग थेंब थेंब आला, मग शेपटीसारखी बारीक धार, वर तांबूस फेस. सासूबाईंनी एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"कुणी सांगितलं?"

"चिरंजीवांनी."

सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. "तू फोन केलास?"

"कॉफी आंबट होत होती म्हणून. दुसरं काही नाही."

दोघींनी कप संपवले. मग सासूबाईंनी कपाची कड बोटाने पुसली आणि एका दमात सांगून टाकलं, "मी ठरवलंय. बाळ झालं की महिनाभर जाईन. कायमची नाही. महिना झाला की परत. तुला चालेल का, असं विचारत नाही, सांगतेय."

"सोडायला येईन मी."

"आत येशील?"

"नाही. दारापर्यंत."

"दारापर्यंत पुष्कळ झालं," सासूबाई म्हणाल्या.

आणि तसंच झालं. मुलगी झाली. सूनबाईने सासूबाईंना त्या इमारतीच्या फाटकापर्यंत सोडलं. तो बॅग घ्यायला खाली आला होता. दाढी वाढलेली, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग. "आलीस," तो म्हणाला. "आले," ती म्हणाली आणि बॅग देऊन वळली. एवढा प्रसंग इतक्या थोडक्यात आटपेल असं तिला वाटलं नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस ती एकटीच राहिली. कामावर जायची, यायची, कधी कॉफी करायची, कधी कंटाळा करून तशीच झोपायची.

महिन्याचा दीड महिना झाला. मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात सासूबाई. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, हातात बॅग आणि खांद्यावर अजून बाळाचं दुपटं तसंच राहिलेलं.

"काही विचारू नकोस," त्या म्हणाल्या, आणि सोफ्यावर आडव्या झाल्या त्या तिथेच झोपल्या.

सूनबाईने त्यांच्या पायातल्या चपला काढल्या, खांद्यावरचं दुपटं घडी करून बॅगवर ठेवलं, पडदा ओढला. ती ओट्याशी गेली, पाण्याची टाकी भरली, पण मशीन लावलं नाही. त्याच्या घरघरीने त्यांना जाग आली असती. ती समोरच्या खुर्चीत बसून राहिली. तिचाही डोळा लागला.

दोघींना जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सासूबाई पडल्या पडल्याच छताकडे बघत होत्या.

"कशी आहे?" सूनबाईने विचारलं.

"कोण?"

"मुलगी."

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "रडकी आहे," त्या म्हणाल्या. "रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही. पण केस छान आहेत. आणि बोट धरलं की सोडतच नाही गं, कार्टी."

"मग आलात कशा सोडवून?"

"झोपली होती तेव्हा सोडवलं." सासूबाई हळूहळू उठून बसल्या आणि आपली सुजलेली बोटं एकेक करून चोळायला लागल्या. "पुढल्या रविवारी जाऊन येईन म्हणते. जाऊन येईन. राहायला नाही."

"जा," सूनबाई म्हणाली, आणि तेल गरम करायला आत गेली.